१९९१ च्या सिव्हिलायझेशनचा टास करायचाय? आधी पॉपअप मोज

तुझा प्रश्न थोडक्यात असा की डॉसवरच्या जुन्या सिव्हिलायझेशनचा, शहरं वसवून साम्राज्य उभारायच्या टर्न-टर्नने चालणाऱ्या गेमचा, म्हणजे सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी मायक्रोप्रोजसाठी १९९१ मधे काढलेल्या पहिल्या भागाचा, टूल-असिस्टेड स्पीडरन (टास, म्हणजे साधनांच्या मदतीने गेम शक्य तितक्या कमी वेळात संपवणं) करायचाय, प्लॅनिंग कसं करू, आणि तू स्प्रेडशीटमधे चाळीस टर्नची बिल्ड ऑर्डर (काय कधी बनवायचं याचा क्रम) लिहून ठेवलीयेस ती बरोबर आहे का. ऑर्डर वाचली. गेम खेळायला छान आहे, एम्परर या सगळ्यात अवघड लेव्हलला सुद्धा चालेल. टाससाठी मात्र त्यातली बहुतेक मेहनत चुकीच्या जागी गेलीये असं माझं मत. रागवू नकोस, माझ्या पहिल्या प्रयत्नात मीही हेच केलं होतं, बॅरक्स काय, पिरॅमिड काय, नुसता उत्साह.

जे नवीन वाचतायत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की टास म्हणजे इम्युलेटरमधे (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधे) गेम फ्रेम-फ्रेम पुढे सरकवायचा, सेव्हस्टेट टाकायचे म्हणजे त्या क्षणाची पूर्ण स्थिती साठवायची, चुकलं की मागे जायचं, आणि शेवटी हाती येते ती फक्त कोणत्या क्षणी कुठली की दाबली याची फाइल. ती फाइल परत चालवली की गेम स्वतःच्या स्वतः तसाच खेळला जातो. चीट नसतं, मेमरीत काही लिहायचं नसतं. माणसाच्या हाताची आणि नशिबाची मर्यादा तेवढी काढून टाकायची.

आता नशिबाचंच घे. साधा खेळाडू सिव्हिलायझेशनमधे जे काही करतो ते वाईट नशिबापासून वाचायला करतो. कॅटपल्ट कशाला, तर मिलिशिया, म्हणजे सगळ्यात साधं पायदळ, हरेल म्हणून. टासमधे मिलिशिया हरत नाही, कारण हरली तर आपण मागे जातो आणि जिंकेल अशा वेळी हल्ला करतो. या गेमची लढाई तुला माहितीये, एका युनिटचा अ‍ॅटॅक आणि दुसऱ्याचा डिफेन्स यांच्या प्रमाणात फासा पडतो आणि जो हरला तो मेला, अर्धमेलं वगैरे काही नाही. म्हणूनच तर फॅलँक्सने, म्हणजे भालेवाल्या पायदळाने, बॅटलशिप बुडवल्याचे किस्से या गेमच्या नावावर आहेत. मिलिशियाचा अ‍ॅटॅक १, फॅलँक्सचा डिफेन्स २, फोर्टिफाय केलेला (जागेवर ठाण मांडून बसलेला) असेल तर दीडपट म्हणजे ३, तर जिंकायची शक्यता चारात एक. भिंत असेल तर डिफेन्स तिप्पट, म्हणजे ६, सातात एक. भिंतीआडचे असे तीन फॅलँक्स लागोपाठ मारायचे तर ३४३ मधे एक. खऱ्या खेळात हे वेडेपण, पण टासमधे ३४३ प्रयत्न म्हणजे काहीच नाही, स्क्रिप्टला लावून चहा प्यायला जा.

मग महाग काय? पडद्यावरचा वेळ. व्हीजीए मोडला डॉसवर सेकंदाला साधारण ७० फ्रेम. अर्ध्या सेकंदाचा एक पॉपअप म्हणजे ३५ फ्रेम, आणि असे शंभर पॉपअप म्हणजे ५० सेकंद गेले. सिव्हिलायझेशन हा अख्खा गेम पॉपअपचा बनलाय. नवीन शोध लागला की शास्त्रज्ञांचा पडदा, मग पुढे काय शोधायचं ही यादी, शहराने काही बनवलं की सूचना, शेजारी भेटला की राजाचा चेहरा हळूहळू रंगत येतो आणि हात चोळत बोलायला लागतो. टर्न संपणं तुलनेने स्वस्त असतं. म्हणजे ज्या प्लॅनमधे ३० टर्न आणि ९० पॉपअप आहेत त्याच्यापेक्षा ४५ टर्न आणि २० पॉपअप वाला प्लॅन बहुतेक वेळा पुढे असणार. तुझ्या शीटमधे टर्नचा कॉलम आहे, फ्रेमचा कॉलमच नाही. तो आधी टाक.

त्यामुळे सगळ्यात आधी ठरवायचं की आपण काय मोजतोय. कमीत कमी टर्न हा एक वेगळा रन आहे, कमीत कमी खरा वेळ हा दुसरा, आणि दोन्हीचे रूट (खेळायचे ठरवलेले मार्ग) एकमेकांशी जुळत नाहीत. तू खऱ्या वेळेचं म्हणतोयस असं धरून पुढे लिहितो. जिंकायचे रस्ते दोनच, सगळ्यांना संपवणं किंवा अल्फा सेंटॉरीला यान पाठवणं. यानाचा विचार सोडून दे. स्पेस फ्लाइटपर्यंतचे शोध, अपोलो प्रोग्रॅम, मग यानाचे भाग, आणि यातल्या प्रत्येक शोधाला पडदा. तो रन करायला कुणी आडवलेलं नाही, पण वेगळ्या कॅटेगरीत. जिंकायचा जलद रस्ता म्हणजे तीनच संस्कृतींचा गेम निवडायचा, म्हणजे आपण आणि दोन शत्रू, लेव्हल चीफटन म्हणजे सगळ्यात सोपी, आणि दोघांना ते शहाणे व्हायच्या आत उडवायचं.

आता कामाचं सगळ्यात मोठं काम, जे तुझ्या यादीत कुठेच नाही. गेमचा रॅन्डम नंबर कशावर पुढे सरकतो हे शोध. पहिल्या दिवशी, रूटचा विचार करायच्याही आधी. दोन प्रकार असतात. एक, आकडा फक्त गेमने मागितला की पुढे जातो, उदाहरणार्थ लढाई झाली, नकाशावरची टोळीची झोपडी उघडली, कॉम्प्युटरने काहीतरी ठरवलं. दुसरा, तो वेळेबरोबर किंवा वाट बघतानासुद्धा फिरत राहतो. पहिल्या प्रकारात नुसतं थांबून काही बदलत नाही, नशीब बदलायचं तर काहीतरी वेगळं करावं लागतं, युनिट आधी हे हलव मग ते हलव, किंवा एखादी फालतू चाल टाक. दुसऱ्या प्रकारात एक फ्रेम थांबलं की नवा फासा. दोन्हीचं प्लॅनिंग इतकं वेगळं आहे की हे माहीत नसताना लिहिलेला रूट म्हणजे पाऊस कधी ते माहीत नसताना पेरणी.

शोधायचं कसं, तर त्या काळच्या मायक्रोसॉफ्ट सी कंपायलरबरोबर येणारं रॅन्डमचं सूत्र सगळ्यांना माहीत आहे, जुन्या आकड्याला २१४०१३ ने गुणायचं, २५३१०११ मिळवायचे, आणि १६ ते ३० क्रमांकाचे १५ बिट उत्तर म्हणून द्यायचे. मेमरीत अशी ३२ बिटची जागा शोध जिची पुढची किंमत बरोबर या सूत्राने येते. एकदा ती जागा सापडली की तिच्यावर वॉच लावून ठेव आणि मेनू उघडून बघ, कर्सर लुकलुकू दे, टर्न संपव, युनिट हलव, आणि प्रत्येक वेळी आकडा किती पावलं पुढे गेला ते लिहून ठेव. दोन संध्याकाळी जातील. त्यानंतर हाच हिशोब इम्युलेटरच्या बाहेर पायथनमधे करता येतो, म्हणजे आत्ताचा सीड (ज्यावरून पुढचे फासे ठरतात तो आकडा) दिला की पुढचे हजार फासे छापून मिळतात आणि आपण बघायचं की लागोपाठ तीन विजय कितव्या पावलावर आहेत. लुकलुकणाऱ्या पडद्यासमोर बसून सेव्हस्टेट दाबत राहण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

आणि यातच अजून एक गोष्ट. जेपीसी-आरआर हा इम्युलेटर वापरणार असशील, जावामधला, हळू आहे पण डॉसच्या टाससाठी नाव असलेला, तर त्यात मशीन बनवतानाच घड्याळाची सुरुवातीची वेळ द्यावी लागते. गेम स्वतःचा सीड घड्याळावरून घेत असेल तर ही वेळ बदलून अख्खं जग बदलतं, नकाशा वेगळा, शेजारी वेगळे, आणि रनमधे एकही फ्रेम खर्च होत नाही! म्हणजे चांगला नकाशा शोधणं हे रेकॉर्डिंगच्या बाहेरचं काम झालं. वेळ एकेका सेकंदाने वाढवत जा, नकाशा बनू दे, मेमरीतून सगळ्यांच्या सुरुवातीच्या जागा वाच आणि फाइलमधे टाक. लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट चालतात तिथे. रात्री लावून झोपायचं. मी असे काहीशे नकाशे जमवून मग त्यातले पाच हाताने बघितले.

काय बघायचं नकाशात? नकाशा ८० बाय ५० चा. आपण आणि दोन्ही शत्रू एकाच जमिनीवर हवेत, हे पहिलं, कारण समुद्र आला की मॅप मेकिंगचा शोध आणि ट्रायरीम जहाज आणि त्याचे सगळे पडदे आले. दुसरं, वाटेत मैदान आणि गवताळ जमीन, डोंगर आणि दलदल नको. तिसरं म्हणजे झोपड्या, आपल्या सुरुवातीच्या जागेपासून शत्रूच्या दिशेला. झोपडीतून ५० सोनं निघतं, कधी शोध, कधी आख्खं शहर, कधी बार्बेरियन, आणि कधी लढवय्ये मिळतात म्हणजे लीजन किंवा कॅव्हलरी. आपल्याला कॅव्हलरी हवी. अ‍ॅटॅक २, चाल २, फुकट, कारखाना नको, शोध नको. कस्टमाइझ वर्ल्डमधे जमीन जास्त, हवामान मधलं असं ठेवून बघ, पण तिथे चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात त्याच्या फ्रेम धर. अर्थ नावाचा पर्याय पण आहे, पृथ्वीचा तयार नकाशा, सगळे आपापल्या खऱ्या जागी. तिथे जग बनवायचा वेळ वाचतो पण अंतरं आपल्या हातात नसतात. मी मोजून बघितलं नसतं तर अर्थच घेतला असता, म्हणून तूही मोज, माझं ऐकू नकोस.

आता उलटीकडून प्लॅन करायचा. शेवटचं शहर कधी पडतं तिथून मागे. या गेममधे आकार १ चं शहर जिंकलं की ते नष्टच होतं, आणि अगदी सुरुवातीला कॉम्प्युटरचं शहर बसल्यावर पहिलं युनिट बनेपर्यंत रिकामं असतं. म्हणजे योग्य वेळी एक घोडा आत घातला की संस्कृती संपली, लढाईसुद्धा नाही. ऐकायला सोपं वाटतं, मी पण असाच हुरळलो होतो. अडचण अशी की सुरुवातीच्या काळात एखादी संस्कृती संपवली तर त्याच रंगाची दुसरी कुठेतरी उभी राहू शकते. रंगांच्या जोड्या ठरलेल्या आहेत, रोमन गेले की रशियन, जर्मन गेले की फ्रेंच, भारतीय गेले की मंगोल. आणि नवीन आलेले कुठे येतील ते पुन्हा नकाशावर. म्हणजे घाई करून दोन मारले तर चार मारावे लागतील, आणि नवा माणूस समुद्रापलीकडे आला तर रन गेला. म्हणून कधीपर्यंत हे होतं आणि कशावर ठरतं ते वेगळं टेस्ट कर, एक सेव्हस्टेट घेऊन शत्रूला वेगवेगळ्या टर्नला मारून बघ. माझ्या रूटमधे अर्धा वेळ याच एका गोष्टीत गेला. कदाचित असंही निघेल की पहिल्याला लगेच मारायचं, त्याचा वारस आपल्या जवळ येईल असा सीड घ्यायचा आणि मग त्याला. कदाचित थोडं थांबून मारणं स्वस्त. टर्न २० वर्षांचा असतो, ४००० बीसीपासून १००० एडीपर्यंत २५० टर्न, त्यामुळे थांबायला जागा भरपूर आहे, आणि रिकामा टर्न काही सेकंदाचासुद्धा नसतो जर तो रिकामा ठेवला तर.

रिकामा ठेवणं, हीच खरी कला. शहर शक्यतो एकच. विज्ञानाचा दर शून्यावर, म्हणजे शोधाचे पडदे नाहीत. शहराला असं काहीतरी बनवायला लाव की जे आपल्याला हवं तेव्हाच पूर्ण होईल, मधेच सूचना नको. मिलिशिया १० शील्डची (शील्ड म्हणजे शहराच्या उत्पादनाचं माप), तिला कुठलाही शोध लागत नाही, ती पुरेशी. चॅरिअटचा मोह होईल, अ‍ॅटॅक ४ चाल २, मलाही झाला, पण व्हील शोधायचं म्हणजे पडदा आणि ४० शील्ड, आणि वर सांगितल्याप्रमाणे अ‍ॅटॅक आपल्याला सीडमधूनच मिळतोय. चाल मात्र सीडमधून मिळत नाही, म्हणून झोपडीतली कॅव्हलरी सोन्यासारखी.

गेम सुरू होताना साउंड विचारतो, नो साउंड घ्यायचं, सूर वाजेपर्यंत थांबणं वाचतं. ऑप्शन मेनूमधे अ‍ॅनिमेशन, एनिमी मूव्ह्ज, ऑटोसेव्ह, एन्ड ऑफ टर्न, इन्स्टंट अ‍ॅडव्हाइस, सिव्हिलोपीडियाचा मजकूर असे टॉगल आहेत. सगळे बंद करावेसे वाटतात. पण प्रत्येक टॉगलला मेनू उघडायचा, खाली जायचं, एन्टर, याच्या फ्रेम जातात. लहान रनमधे एनिमी मूव्ह्ज बंद करणं परवडतं का ते बघ, कारण शत्रूची हालचाल आपल्या युनिटच्या नजरेच्या टप्प्यात असेल तरच दिसते, आणि आपण कुणाच्या जवळ गेलोच नाही तर दाखवायला काही नसतंच. एक साधा नियम ठेवलाय मी, टॉगल बंद करायला लागलेल्या फ्रेम भागिले दर वेळी वाचणाऱ्या फ्रेम, आणि तेवढ्यांदा ती गोष्ट घडणार असेल तरच बंद.

शेजाऱ्याची भेट ही सगळ्यात महाग गोष्ट. युनिट शेजारी आलं की तो बोलणी काढतो, चेहरा, दोन-तीन पानं, मग शांतता हवी का. शांतता घेतली तर हल्ल्याच्या वेळी करार मोडायचा अजून एक पडदा. त्याच्या शहराकडे जाताना त्याची माणसं टाळून वळसा घालणं कधी कधी सरळ जाण्यापेक्षा लवकर पोचवतं. एक टर्न जास्त लागला तरी. झोन ऑफ कंट्रोल विसरू नकोस, शत्रूच्या एका शेजारच्या चौकोनातून दुसऱ्या शेजारच्या चौकोनात सरळ जाता येत नाही, शेवटच्या चालींमधे हे धरायला लागतं. आणि शत्रू मोठा झाल्यावर त्याची राजधानी घेतली तर साम्राज्य फुटून अजून एक शत्रू तयार होऊ शकतो, पण तुझा रन तिथपर्यंत गेला असेल तर तसाही तो हळू आहे.

जाताजाता, गांधीबद्दल विचारलं होतंस, तो शत्रू म्हणून आला तर अणुबॉम्ब वाला बग वापरता येईल का. नाही. तो बग या गेममधे नव्हताच, सिड मायरने स्वतः २०२० मधे हे सांगितलंय. इंटरनेटवर पसरलेली गोष्ट आहे. आणि असता तरी अणुबॉम्बपर्यंत थांबणार कोण.

एक खड्डा सांगतो ज्यात मी पडलो. या गेममधे कॉपी प्रोटेक्शन आहे, काही टर्न गेल्यावर अचानक प्रश्न येतो की सिंहासनावर कुणी तोतया हक्क सांगतोय, अमुक शोधासाठी आधी कोणते दोन शोध लागतात ते सांगा. मूळ माहितीपुस्तकातून उत्तर शोधायचं असायचं. चुकलं तर सैन्य गायब. लहानपणी एका मित्राच्या दादाने फ्लॉपीवर गेम दिला होता आणि पुस्तक नव्हतं, तेव्हा आम्ही उत्तरं वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायचो. तर एवढा अनुभव असूनही टासमधे मी हे विसरलो. तीन आठवड्यांचं काम झाल्यावर हल्ल्याच्या दोन टर्न आधी प्रश्न आला, उत्तर दिलं तर त्या वेळात रॅन्डमची पावलं सरकली आणि पुढचे सगळे फासे बदलले. सगळं परत. म्हणून प्रश्न कधी येतो ते आधीच नोंदव आणि तो झाल्यानंतरच नशिबाचा हिशोब लाव, किंवा त्याच्या आत गेम संपव, जे मला जमलं नाही.

याच कारणाने रेकॉर्डिंगचा क्रम प्लॅटफॉर्म गेमसारखा ठेवता येत नाही. मारिओमधे तिसरी लेव्हल सुधारली तर पाचवीचे इनपुट बहुतेक वेळा उचलून जोडता येतात. इथे पाचव्या टर्नला एक चाल बदलली की विसाव्या टर्नला शत्रू दुसरीकडेच शहर बसवतो. म्हणून आधी एक घाणेरडा रन शेवटपर्यंत कर, काही ऑप्टिमाइझ न करता, फक्त प्रत्येक पॉपअपच्या फ्रेम लिहीत. मग दुसरा, त्याच नकाशावर, त्या यादीतले महाग पडदे टाळून. तिसऱ्यांदा पहिल्या फ्रेमपासून बारीक काम, आणि तेव्हा मागे वळून बघायचं नाही. इम्युलेटरचं व्हर्जन, सीपीयूचा वेग, डिस्क इमेजचा हॅश, सुरुवातीची वेळ हे चारही एका टेक्स्ट फाइलमधे लिहून ठेव, पहिल्या दिवशी. मधेच इम्युलेटर अपडेट केला आणि फाइल डिसिंक झाली, म्हणजे गेमशी जुळेनाशी झाली, तर रडायला कुणी येत नाही.

शेवटचं एक, जे मला स्वतःला अजून पूर्ण जमवायचंय. टासचा वेळ शेवटच्या इनपुटपर्यंत मोजतात, विजयाच्या पडद्यापर्यंत नाही. आता बघ, एन्ड ऑफ टर्न बंद असेल आणि सगळी युनिट फोर्टिफाय किंवा गोटूवर (ठिकाण दिलं की आपोआप चालत जाण्याचा हुकूम) असतील तर टर्न आपोआप पुढे जातात, काहीही न दाबता. म्हणजे कॅव्हलरीला जी दाबून शत्रूच्या शहराचा गोटू दिला, शहर मधे काही विचारणार नाही असं केलं, शेजारी बोलणी काढणार नाही असा सीड लावला, तर हात बाजूला ठेवून चार-पाच टर्न नंतर शहर आपोआप पडायला हवं, आणि आपलं घड्याळ केव्हाच थांबलेलं असेल. या गेमचा गोटू किती मठ्ठ आहे ते तुला माहितीये, तळं दिसलं की गोल फिरतो आणि शत्रू जवळ दिसला की अडकायची शक्यता. सपाट मैदान आणि सरळ रेष असेल अशा जागी करून बघ. तुझ्याकडे नकाशांची यादी तयार झाली की मला दे, माझ्या पाचपैकी दोन नकाशांवर शेवटचे तीन चौकोन सरळ आहेत, त्यावर आधी ट्राय करू.